क्रॅश बँडिकूटची नवी आवृत्ती: चित्र सुधारले हे ठीक, पण उडी का बदलली?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नॉटी डॉग या कंपनीचा 'क्रॅश बँडिकूट' हा उड्या मारत पुढे जाण्याचा व्हिडिओ गेम १९९६ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर आला आणि १९९८ पर्यंत त्याचे आणखी दोन भाग निघाले. व्हिकेरियस व्हिजन्स या दुसऱ्या कंपनीने हे तिन्ही भाग नव्याने बांधून 'एन. सेन ट्रिलॉजी' या नावाने जून २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आणले आणि वर्षभराने ते पीसी, एक्सबॉक्स वन आणि स्विचवरही आले. चित्रांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पहिल्या भागातले जंगल इतके हिरवेगार झाले आहे की आपल्याकडच्या श्रावणाची आठवण यावी. तक्रार आहे ती उडीची.

नव्या आवृत्तीत उडी मारलेला खेळाचा नायक क्रॅश पूर्वीपेक्षा लवकर खाली येतो. शिवाय त्याच्या शरीराची जी अदृश्य सीमा खेळ हिशेबात धरतो, ती आता तळाशी गोलाकार, औषधाच्या कॅप्सूलसारखी आहे. त्यामुळे फळीच्या अगदी कडेला पाय टेकला तर जुन्या खेळात जिथे तो उभा राहायचा, तिथून आता तो घसरून दरीत जातो. दुसऱ्या भागात सरकत जाऊन लांब उडी मारता येते आणि तिसऱ्यात हवेतल्या हवेत दुसरी उडी मिळते, म्हणून तिथे हे निभावून जाते. पहिल्या भागात यातले काहीच नाही. 'द हाय रोड' या लेव्हलचा झुलता पूल आठवा: खाली धुके, निसरड्या आणि निखळणाऱ्या फळ्या आणि मधल्या कासवावर उडी मारून मिळणाऱ्या उसळीच्या जोरावर पलीकडची फळी गाठायची. ती अंतरे जुन्या उडीच्या मापाने आखलेली होती. अंतरे जवळपास तीच ठेवून उडीचे माप बदलले, तर वाढलेला कठीणपणा मूळ रचनाकारांचाही नाही आणि नव्यांनी विचारपूर्वक आणलेलाही नाही.

प्रकाशकांनी जुलै २०१७ मध्ये स्वतःच सांगितले होते, की तिसऱ्या भागाची हाताळणी आधार म्हणून घेतली असून जुन्या खेळाडूंना काही बारकावे पुन्हा शिकावे लागतील. आपल्या किनाऱ्यावर जुना प्लेस्टेशन टिकत नाही. खाऱ्या, दमट हवेने आतली जोडणी गंजते आणि डिस्कवर बुरशी धरते. म्हणजे इथल्या बहुतेकांसाठी नवी आवृत्ती हाच यापुढे मूळ खेळ असणार, आणि म्हणूनच ती मुळाशी इमान राखणारी हवी होती.

साकव (चिपळूण)

आपण उडीबद्दल बोललात, पण जुन्या पहिल्या भागात खेळ सेव्ह कसा व्हायचा हे सोयीस्करपणे वगळलेत. लेव्हल संपली म्हणून खेळ सेव्ह होत नसे. पेट्या फोडून क्रॅशच्या मैत्रिणीच्या, टॉनाच्या, चेहऱ्याची तीन चिन्हे जमवायची, मग बोनस फेरीत जायचे आणि तिथे न पडता शेवट गाठला तरच सेव्हची संधी मिळायची. नाहीतर एखादे रत्न किंवा किल्ली मिळेपर्यंत थांबायचे. जुलै महिन्यात, वाऱ्याने झाड तारेवर पडून लाईट केव्हाही जाते अशा गावात, ही पद्धत म्हणजे खेळाडूला दिलेली शिक्षा होती. आम्ही भावंडे चार लेव्हल पार करून बोनस फेरीच्या दारात पोचायचो आणि टीव्ही काळा व्हायचा. नव्या आवृत्तीने ही पद्धत काढून टाकली आणि खेळ आपोआप सेव्ह होऊ लागला. मुळाशी इमान राखायचे, तर तेही तसेच ठेवायला हवे होते का? आपल्याला न रुचलेला बदल तेवढा अपराध आणि सोयीचा बदल मात्र सुधारणा, हा न्याय मला पटत नाही.

दुसरे असे, की नव्या चमूच्या हाती मूळ प्रोग्रॅम नव्हताच. लेव्हलचे जुने त्रिमितीय सांगाडे तेवढे मिळाले होते. धावणे, उडणे, पडणे सगळे त्यांनी मूळ खेळ पाहून पुन्हा उभे केले. अशा कामात थोडा फरक राहणारच.

माडबन (मालवण)

मी जुना खेळ खेळलेलोच नाही. २०१८ मध्ये होस्टेलवर मित्राच्या पीसीवर नवी आवृत्तीच प्रथम पाहिली, त्यामुळे माझ्या बोटांना जुन्या उडीची सवय असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही पहिला भाग मला बाकीच्या दोन भागांहून कितीतरी जास्त चिडवणारा वाटला. तेव्हा हा केवळ जुन्या आठवणींचा हट्ट आहे, असे म्हणता येणार नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी)

साकव, सेव्ह करण्याची पद्धत आणि उडी या दोन गोष्टी एका पंगतीत बसवू नका. सेव्ह ही खेळाबाहेरची व्यवस्था आहे; ती बदलली म्हणून कोणत्याही फळीचे अंतर बदलत नाही. मूळ प्रोग्रॅम नव्हता, हेही कारण पुरेसे नाही. त्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, 'वंडर बॉय: द ड्रॅगन्स ट्रॅप' नव्याने आला. लिझार्डक्यूबच्या छोट्याशा चमूने सेगा मास्टर सिस्टिमवरच्या १९८९ च्या खेळाचे यंत्रसंकेत उकलून त्यातले नियम जसेच्या तसे उचलले आणि वरून हाताने काढलेली चित्रे चढवली. खेळता खेळता बटण दाबून जुने चित्र आणि जुने संगीत परत आणता येते, आणि उडी दोन्हीकडे तीच राहते.

साकव (चिपळूण)

तो सपाट, एका बाजूने दिसणारा आठ बिटांचा खेळ आहे. क्रॅशमध्ये कॅमेरा पाठीमागून चालतो आणि खोली डोळ्यांनी अजमावावी लागते. शिवाय १९९६ चा खेळ चार दिशांच्या बटणांवर खेळायचा होता. आज तोच बहुधा अंगठ्याने फिरवायच्या काडीने (अ‍ॅनालॉग स्टिक) खेळला जातो. बटणे तीच राहिली नाहीत, तर उडी हुबेहूब तीच ठेवूनही हाताला ती तशीच लागेल याची खात्री कोण देणार? आणि जाणकारांना आव्हान हवे होते, ते त्यांना मिळालेच: फार अवघड म्हणून मूळ खेळातून वगळलेली 'स्टॉर्मी असेंट' ही लेव्हल जुलै २०१७ मध्ये सुरुवातीला फुकट दिली गेली.

माडबन (मालवण)

'द हाय रोड'बद्दल एक राहिले. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या दोरांवरून चालत जाता येते. जुन्यातही येत होते, नव्यातही येते. कासवांच्या वाटेलाच जावे लागत नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी)

दोर मलाही ठाऊक आहे. पण नव्या आवृत्तीने पहिल्या दोन भागांतही घड्याळाविरुद्धच्या शर्यती घातल्या, आणि तिथे प्लॅटिनम या सर्वांत वरच्या बक्षिसासाठी धडपडणारे बहुतेक जण याच दोरावरून पळतात. ज्या पुलावर फळ्यांपेक्षा कठड्याचा दोर भरवशाचा ठरतो, त्या पुलावरची उडी नीट जुळली आहे असे आपण म्हणणार का, साकव?

साकव (चिपळूण)

दोर १९९६ सालीही भरवशाचाच होता आणि तेव्हाही मी त्यावरूनच जात होतो. त्या वेळी उडी तर आपल्या पसंतीची होती ना?