कुंपणालगतची फळझाडे : जागेची आणि वेळेची शंका

‘फळझाडाला मोठी जागा लागते आणि फळासाठी दहा वर्षे थांबावे लागते, म्हणून आमच्या कॉलनीत कुंपणालगत फळझाडे लावायला कोणी पुढे येत नाही’, अशी शंका घेतली जाते. ही अडचण प्रामुख्याने कोयीपासून वाढवलेल्या आंब्यासारख्या झाडांची आहे. कलमी पेरूला दोन-तीन वर्षांत फळ धरते, आणि त्याला फळे नव्या फुटीवर येत असल्यामुळे दरवर्षी छाटणी करून तो हाताच्या उंचीत ठेवता येतो. आंबाच हवा असेल, तर दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून तयार झालेली, 1971 सालची ‘आम्रपाली’ ही ठेंगणी जात लहान अंगणासाठी योग्य आहे. फणस मात्र भिंतीजवळ लावू नये.

लोकांना झाड लावायला तयार करण्याचा मला सर्वांत परिणामकारक वाटणारा मार्ग म्हणजे गुटी कलम, म्हणजे झाडावरच फांदीला मुळे फुटू देऊन तिचे रोप करणे. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेजाऱ्याच्या गोड पेरूची किंवा डाळिंबाची पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडून तिची दोन-तीन सेंटिमीटर साल गोलाकार काढावी आणि तिथे ओले शेवाळ ठेवून प्लॅस्टिक घट्ट बांधावे. साधारण दीड-दोन महिन्यांत मुळे दिसू लागली की फांदी कापून कुंडीत लावता येते. ज्या झाडाचे फळ आपण स्वतः चाखले आहे, त्याचेच रोप कोणी आपुलकीने हाती दिले, तर नकार देणे कठीण जाते.

विकतचे कलम लावताना जोड, म्हणजे दोन झाडे जिथे जोडलेली असतात ती जागा, मातीच्या वर ठेवावा आणि जोडाखालून येणारी फूट वेळोवेळी काढावी, कारण ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या खालच्या मुळाच्या झाडाची असते व वरच्या जातीला दाबून टाकते.