प्रिझन ब्रेक: सगळे सीझन बघावेत की तुरुंगाबाहेर पडल्यावर थांबावं?

दांडियाबाजारची_सूनबाई: जेवणं उरकली की मी, बारावीतले चिरंजीव आणि सासूबाई ही अमेरिकन मालिका बघायला बसतो. पहिला सीझन काल संपला. तुरुंगातून पळायच्या तयारीत असलेला नायक मायकेल मैदानातल्या बाकाचा बोल्ट काढतो, फरशीवर घासून त्याला षट्कोनी टोक आणतो आणि त्यानेच कोठडीतल्या कमोडचे स्क्रू खोलतो, तिथे सासूबाई भाजी निवडायच्या थांबल्या. ‘आपल्याकडच्या प्लंबरला दाखव गं हे!’ आता पुढे किती ताणलंय? स्पॉयलर नकोत, चिरंजीव वाचतात.

रावपुरा_रिटर्न: ताई, दुसरा बघाच. पळून जाणं सोपं, पळत राहणं अवघड. त्यात माहोन नावाचा एफबीआयवाला येतो, मायकेलच्या तोडीचा. विल्यम फिक्टनरने काय काम केलंय!

जुना_प्रेक्षक: तिसरा पनामाच्या सोना तुरुंगात. लेखकांच्या संपामुळे १३च भाग, त्यामुळे घाईघाईत गुंडाळलाय. चौथ्यात तुरुंग बाजूला राहतो, सगळे एका यंत्रामागे धावतात. मी तिथे कंटाळलो, खोटं कशाला बोलू.

रावपुरा_रिटर्न: काका, टी-बॅग नावाच्या त्या कैद्यासाठी तरी बघायचा ना! इतका नीच माणूस, तरी पडद्यावर आला की नजर हलत नाही.

जुना_प्रेक्षक: ते मान्य. २०१७चा पाचवा नऊच भागांचा, येमेनमधला. पण ताई, त्याची जाहिरातसुद्धा आधी बघू नका, तिथेच सगळं फुटतं.

दांडियाबाजारची_सूनबाई: चिरंजीवांनी बघितलीय म्हणे. सासूबाईंना मात्र सांगू देणार नाही.