तीन तारे कशाचे?

प्रश्न (सोलापूर): टेक्सासमध्ये शालेय अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या माझ्या भाच्याला शालेय खेळाडूंना गुणांकन देणाऱ्या संकेतस्थळाकडून पाचपैकी तीन तारे मिळाले आहेत. हे मूल्यमापन आजच्या खेळाचे असते की पुढील शक्यतेचे?

उत्तर १: मुख्यतः शक्यतेचे. उंची, वेग, सामन्यांच्या चित्रफिती आणि शिबिरांतील कामगिरी पाहून परीक्षक अंदाज बांधतात. ‘२४७ स्पोर्ट्स’ हे असे तारे देणारे संकेतस्थळ साधारण ३२ जणांनाच पाच तारे देते, कारण एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात. आपल्या भाच्याचे तीन तारे मुळीच कमी नव्हेत.

उत्तर २: पुढे एनएफएलमध्ये गाजलेल्या जे. जे. वॉटला तर शाळेत दोनच तारे होते, तरी २०११ च्या एनएफएल निवडीत तो अकराव्या क्रमांकावर निवडला गेला. सतराव्या वर्षीचे शरीर पुढे किती भरेल, हे येथे कबड्डीसाठी मुले निवडताना मलाही अनेकदा ओळखता आलेले नाही.