पू झालेली दाढ बधिर होईना, लिग्नोकेन अजून किती?

राजारामपुरी_दंत: पेशंट ५० किलो. खालच्या दाढेभोवती २% लिग्नोकेन अ‍ॅड्रेनालिनसह ४ मिली दिलं, तरी ठणकतंयच.

पंचगंगा_काठ: पू असला की आम्लता वाढते, औषध नर्व्हच्या आत शिरत नाही. शिवाय खालचं हाड जाड. तिथंच टोचत बसू नका भावा, मागून नर्व्ह ब्लॉक द्या, म्हणजे दाढेकडं जाणारी नर्व्हच बधिर करा.

भूलवाले: हिशेब: अ‍ॅड्रेनालिनसह किलोला ७ मिग्रॅ, म्हणजे ३५०. मिलीत २० मिग्रॅ, म्हणून साडेसतरा मिली. दिलेलं यातच धरा. साध्या लिग्नोकेनला किलोला साडेचारच. ही कमाल मर्यादा, लक्ष्य नव्हे!

पंचगंगा_काठ: टोचण्याआधी पिस्टन मागं ओढा, रक्त आलं तर सुईची जागा बदला. ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण आली म्हणजे औषध रक्तात जास्त झालंय; थांबा, ऑक्सिजन लावा, १०८ बोलवा.

भूलवाले: त्या विषबाधेवर उतारा म्हणून २०% लिपिड इमल्शन (चरबीचं द्रावण) हाताशी हवंच. किलोला दीड मिली, शिरेतून.