अनुभव धागा: दारू सोडताना तुमचा गट तुम्हाला कसा सापडला?

गेल्या आठवड्यात एकाने विचारलं, एएची (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट) मीटिंग शोधायची कशी? पत्ता काढणं सोपं आहे. हेल्पलाइनला फोन करा, नाहीतर व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाला विचारा. माझं घोडं अडलं ते पत्ता मिळाल्यावर. पत्त्याची चिठ्ठी सात महिने पाकिटात होती. घडीवर फाटली, मी चिकटवली, परत पाकिटात ठेवली. त्याच पाकिटातून रोज दारूचे पैसे निघत होते. म्हणून विचारतोय, पत्ता मिळाल्यापासून खुर्चीवर टेकेपर्यंत तुमचं काय काय झालं? नावं नकोत. सहीच्या जागी किती काळ झाला तेवढं लिहा.
– ४ वर्षं २ महिने

इमारतीला तीन फेऱ्या मारल्या. ओळखीचं कुणी बघितलं तर? (भर रस्त्यात गटारात पडलो होतो तेव्हा ही अब्रू कुठे गेली होती कोण जाणे.) दारात एक गृहस्थ खुर्च्या लावत होते. "जरा हात लावता का?" म्हणत दोन खुर्च्या माझ्याकडे दिल्या. हात इतके थरथरत होते की खुर्चीचे पाय फरशीवर खडखडायला लागले. त्यांनी बघितलं, बोलले काही नाही. सगळ्या खुर्च्या लावून झाल्यावर निघून जाणं बरं दिसेना, म्हणून बसलो. नाव विचारलं, आडनाव नाही. शेवटी पैशांचा डबा फिरला, तर "तुम्ही आज टाकू नका" म्हणाले. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. माझी तीही धड नव्हती. तसं सांगितलं तर सगळे हसले, आणि मला राग आला नाही.
– ११ वर्षं

बावीस पुरुष आणि मी. एकाने आदराने विचारलं, "ताई, कुणाबरोबर आलात?" मी म्हटलं, पिणारी मीच. एकदम शांतता. कुणी वाईट वागलं नाही, पण मुलाला शाळेतून आणायचं विसरून मी घरी पीत बसले होते, हे त्या खोलीत तोंडातून निघेना. दुसऱ्या गटातही नाही. तिसरा फक्त बायकांचा होता, तिथे निघालं. ही अडचण जुनीच आहे. १९७५ साली जीन कर्कपॅट्रिक यांनी अमेरिकेत 'विमेन फॉर सोब्रायटी' ही बायकांसाठीची संस्था काढली ती याचसाठी. एक गट जमला नाही म्हणून "आपल्यासाठी नाही हे" असं ठरवू नका. मी ठरवलं होतं, त्यात दीड वर्ष गेलं.
– ६ वर्षं

मध्येच घुसतो, पण हे आधी वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने उत्साहाच्या भरात एका रात्रीत बंद करू नये. मी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाथरूममध्ये फिट आली. डॉक्टर म्हणाले, शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, ताप, बरळणं सुरू झालं तर ते जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मीटिंग. गटात कुणी "गोळ्या म्हणजेही नशाच" म्हणालं तर कानाआड करा. औषधाच्या बाबतीत सभासदांनी डॉक्टरकी करू नये, असं एएच सांगते.
– २ वर्षं

मी पीत नाही, घरातला पितो. लिहिलं तर चालेल ना? बाटलीच्या लेबलवर पेन्सिलने खूण करायचे, सकाळी किती उतरली ते बघायला. एकदा त्याने खूण पुसून खाली नवी केली. माझ्यासारखंच अक्षर! समुपदेशक म्हणाल्या, तो येईल तेव्हा येईल, तुम्ही अल-अनॉनला जा. एए सुरू करणाऱ्या बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली एका मैत्रिणीबरोबर पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ते उभं केलं. आता मी खुणा करत नाही.
– माझे ९ महिने, त्याचा एकही दिवस नाही

देव-बिव न मानणाऱ्यांसाठी: एएच्या १२ पायऱ्यांत देव आहे, त्यामुळे मी आधी स्मार्ट रिकव्हरीला (देवाशिवाय चालणारा गट) गेलो. तिथे तलफ आली की काय करायचं याचा गृहपाठ असतो, मला तो आवडला. पण बुधवारी रात्री तलफ आली तेव्हा उघडं दार एएचं होतं. गेलो, आणि राहिलो. पुरावा हवाच असेल तर २०२०चा कॉक्रन आढावा (आधीचे अभ्यास एकत्र तपासणारा) बघा. २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. सलग न पिता राहण्यात एए आणि एएकडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. देवाशी माझं अजून जमलेलं नाही.
– ३ वर्षं ५ महिने

तीन वर्षांनी स्लिप झाली, म्हणजे परत प्यायलो. नवख्यांना शिकवणारा मी, कुठल्या तोंडाने जाणार? शेवटी फोन केला. पलीकडून एवढंच आलं: "गुरुवारी साडेसात. मागच्या दाराने ये, पुढचं बंद असतं हल्ली."
– १९ दिवस

गेल्या आठवड्यात विचारणारा मीच. काल गेलो होतो, जिन्यापर्यंत. वरून मोठमोठ्याने हसण्याचा आवाज येत होता. चुकीच्या जागी आलो असं वाटून परतलो. तिथे हसतात का?
– सही काय करू?

हसतात हो. मी गटाराचा किस्सा सांगतो तेव्हा तर फारच. पुढच्या वेळी पंधरा मिनिटं आधी जा, कुणीतरी खुर्च्या लावत असेल.
– ११ वर्षं