किर्गिझस्तानात व्हॉलंटियर टीचर म्हणून जातेय, शाळेचा पहिला दिवस कसा असतो?

निळीशाई
नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये किर्गिझस्तानात इंग्लिश शिकवायला जातेय, बिश्केकपासून बऱ्यापैकी लांब एका गावातली शाळा आहे. संस्थेने व्हिसा, राहणं, पुस्तकं सगळं समजावलं पण पहिल्या दिवसाबद्दल विचारलं की "मोठा कार्यक्रम असतो, चांगले कपडे घालून या" एवढंच उत्तर. मी पहिल्या तासाची भरपूर तयारी केलीय, ओळख करून घ्यायचे खेळ, फ्लॅशकार्ड्स, नावांच्या चिठ्ठ्या. हे त्या दिवशी लागेल का? मुलांसाठी काही न्यायचं का? तिथे किंवा दुसऱ्या देशात शिकवलेलं कोणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

डोंगरवाट
फ्लॅशकार्ड्स घरीच ठेवा, १ सप्टेंबरला शिकवणं होतच नाही. तो ज्ञानदिन. सोव्हिएत काळात १९८४ मध्ये अधिकृत झाला आणि सोव्हिएत युनियन गेलं तरी त्यातल्या बऱ्याच देशांत टिकून आहे. त्यात ३१ ऑगस्टला किर्गिझस्तानचा स्वातंत्र्यदिन, त्यामुळे गाव आदल्या दिवसापासूनच सणाच्या मूडमध्ये असतं.

सकाळी अख्खी शाळा पटांगणात वर्गावर्गाने उभी राहते, त्याला लिनेइका म्हणतात. राष्ट्रगीत, मुख्याध्यापकांचं भाषण, पहिलीतल्या पोरांच्या कविता (एखादं मूल मधेच अडकतं आणि मागून आई ओळ पुरवते), मुलींच्या केसांत पांढऱ्या रिबिनींची भलीमोठी फुलं. आणि मग पहिली घंटा. शेवटच्या वर्गातला एखादा उंच मुलगा पहिलीतल्या छोट्या मुलीला खांद्यावर बसवून सगळ्यांसमोरून फेरी मारतो आणि ती घंटा वाजवत असते. आमच्या शाळेतल्या मुलीने एका हाताने त्याचे केस गच्च धरलेले आणि दुसऱ्या हाताने घंटा अशी हलवत होती की तिला बांधलेली रिबीन सारखी त्याच्या डोळ्यांवर येत होती, तो बिचारा फुंकर मारून बाजूला करायचा पण चाल काही बिघडू दिली नाही त्याने. मला हा प्रकार फार म्हणजे फार आवडतो. शाळेतलं सगळ्यात मोठं पोर सगळ्यात लहानाला उचलून आत आणतं, याहून चांगलं स्वागत मला तरी माहीत नाही.

फुलं भरपूर मिळतील, ग्लॅडिओलस, ॲस्टर, बरीचशी घरच्या अंगणातली. "कशाला उगाच" वगैरे म्हणू नका, दोन्ही हातांनी घ्या. तुम्ही कुणाला देणार असाल तर विषम संख्येत द्या, सम संख्येतली फुलं तिकडे मयताला नेतात. मुलं बाईंना एजे आणि सरांना अगाय म्हणतात. आणि माइक तुमच्या हातात येणार हे धरूनच चला, 'सालामात्सिझदारबी' म्हणून सुरुवात करा आणि आपलं नाव किर्गिझमध्ये सांगा, बास. लांबलचक भाषण नको, पोरं उन्हात उभी असतात.

काठावरची
मी थायलंडला होते. तिथे शाळा मेच्या मध्याला सुरू होते पण खरा सोहळा थोड्या दिवसांनी, बहुतेक जूनमध्ये आणि शक्यतो गुरुवारी, कारण तो गुरूचा वार. वाय ख्रू म्हणतात. शिक्षक स्टेजवर खुर्च्यांवर बसतात आणि मुलं गुडघ्यांवर सरकत येऊन फुलांची सजवलेली तबकं देतात. त्यात दूर्वांसारखं भराभर पसरणारं गवत असतं, विद्या तशी वाढावी म्हणून, वांग्याचं फूल खाली झुकलेलं म्हणून नम्रतेचं, शिवाय सुईसारख्या टोकदार कळ्यांची फुलं, बुद्धी तल्लख व्हावी म्हणून. माझ्याहून उंच मुलगा गुडघ्यांवर आला तेव्हा मी त्याला उठवायला हात पुढे करणार तेवढ्यात शेजारच्या बाईंनी हळूच माझा हात दाबला. नंतर म्हणाल्या, तो तुला एकटीला नमस्कार करत नाहीये, त्याला आजवर शिकवलं त्या सगळ्यांना करतोय. तेव्हा निळीशाई, असं काही झालं तर संकोच बाजूला ठेवून शांतपणे स्वीकारा, मुलांनी त्याची किती दिवस तयारी केलेली असते.

कोरापाट
जपानमध्ये होतो, माझी नोकरी पगारी होती, व्हॉलंटियर नाही, पण सांगतो. तिथे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, प्रवेशाचा समारंभ एकदम शिस्तीत, गडद सूट आणि शाळेत घालायचे वेगळे बूट सोबत. कुठल्याही देशात जा, आदल्या दिवशी शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला गाठून मी कुठे उभं राहू, कधी बसू एवढं विचारून घ्या, निम्मं टेन्शन जातं.

निळीशाई
खूप खूप आभार सगळ्यांचे! भाषण दोन वाक्यांचंच करते. एक शेवटचं, घंटेच्या वेळी फोटो काढले तर चालतं का?

डोंगरवाट
सगळे पालक फोन वर करूनच उभे असतात, काढा की. पण मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो शाळेला आणि आईवडिलांना विचारल्याशिवाय ऑनलाइन टाकू नका. आणि हो, पहिले एकदोन आठवडे वेळापत्रक बदलत राहतं, बऱ्याच शाळा दोन शिफ्टमध्ये भरतात ना, तेव्हा रोज सकाळी बोर्ड बघायचा. तुमचे खेळ तेव्हा काढा बाहेर.