यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानकडे कशी वळली? बीजीपीविषयी शंका

सांजवारा (प्रश्न)

संगणकजाळ्यांच्या अभ्यासक्रमात बीजीपी (जाळी एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) शिकताना २४ फेब्रुवारी २००८ च्या घटनेचा उल्लेख आला. सरकारी आदेशावरून पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब आपल्या देशापुरते बंद करायला घेतले आणि जगाच्या बऱ्याच भागांत ते सुमारे दोन तास दिसेनासे झाले, एवढेच पुस्तकात दिले आहे. देशापुरती बंदी बाहेर कशी गेली, आणि यूट्यूबचे सर्व्हर धडधाकट असताना ते लोकांना का सापडले नाहीत, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

राउटरवाला

बीजीपीचा सारा कारभार सांगोवांगी चालतो, हे आधी लक्षात घ्यावे. इंटरनेट म्हणजे स्वतंत्रपणे चालवली जाणारी हजारो जाळी. अमुक पत्ते माझ्याकडे आहेत किंवा माझ्यामार्गे गाठता येतात, असे प्रत्येक जाळे शेजाऱ्याला सांगते आणि शेजारी ते पुढे कळवतो. १९८९ मध्ये या प्रोटोकॉलचे पहिले दस्तऐवज प्रसिद्ध झाले तेव्हा जाळी मोजकी होती, त्यामुळे सांगणारा खरे बोलतो आहे की नाही हे तपासण्याची सोय त्यात ठेवलेलीच नाही.

यूट्यूबने तेव्हा २०८.६५.१५२.०/२२ हा १,०२४ पत्त्यांचा गट जाहीर केलेला होता (तिरक्या रेषेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान). पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलाच २०८.६५.१५३.०/२४ हा २५६ पत्त्यांचा तुकडा आपल्याकडे वळवला, म्हणजे तिकडे जाणारी वाहतूक तिथेच टाकून दिली जावी. हा मार्ग देशातच राहायला हवा होता, परंतु तो हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या वरच्या पुरवठादाराकडे गेला आणि त्यांनी तो न तपासता जगभर पुढे पाठवला. एकाच पत्त्यासाठी दोन मार्ग असतील तर राउटर नेहमी लहान, म्हणजे अधिक नेमका, गट निवडतो. अंतर किती, हा प्रश्न त्यानंतरचा. त्यामुळे यूट्यूबच्या अगदी शेजारच्या जाळ्यालाही पाकिस्तानचाच मार्ग योग्य वाटला.

भारतीय वेळेप्रमाणे हे मध्यरात्रीनंतर १२ वाजून १७ मिनिटांनी सुरू झाले. यूट्यूबने सुमारे ८० मिनिटांनी तोच /२४ गट स्वतः जाहीर केला. आता दोन्ही दावे सारख्याच आकाराचे झाल्यामुळे ज्यांना यूट्यूब जवळ होते त्यांची वाहतूक परतली, बाकीच्यांची नाही. मग त्यांनी आणखी बारीक असे दोन /२५ गट सोडले. पण बरीच जाळी /२४ पेक्षा लहान गट स्वीकारतच नाहीत. अखेर अडीचच्या सुमारास पीसीसीडब्ल्यूने तो मार्ग काढून टाकला. माझ्या मते मोठा दोष त्यांचाच. ग्राहकाकडून येणारे मार्ग गाळून घेणे हे वरच्या पुरवठादाराचे काम आहे, आणि १९९७ मध्ये एएस ७००७ या जाळ्याने चुकीचे मार्ग पसरवून इंटरनेटचा बराच भाग विस्कळीत केल्यानंतर तर त्याला सबब उरलेली नव्हती.

सांजवारा

आभारी आहे. आता जवळपास सर्व संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, आहेत. मग वाहतूक दुसरीकडे वळली तरी नुकसान फक्त सेवा बंद पडण्याचेच, असे म्हणता येईल का?

कुलूपकिल्ली

तसे म्हणता येणार नाही. एप्रिल २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सेवेच्या पत्त्यांवर असाच खोटा दावा केला गेला आणि मायइथरवॉलेट या इथर नावाच्या आभासी चलनाच्या पाकिटाचा पत्ता विचारणाऱ्यांना बनावट सर्व्हरचा पत्ता मिळू लागला. त्या सर्व्हरचे ओळख पटवणारे प्रमाणपत्र खोटे असल्याने ब्राउझरने इशारा दिला होता. तो डावलून जे पुढे गेले त्यांचे इथर चोरीला गेले.

याहून अवघड बाब अशी की, खरे प्रमाणपत्र देणारी संस्थासुद्धा अर्जदाराचा डोमेनवरील ताबा याच जाळ्यावरून तपासते. तिचा मार्ग वळवता आला तर चोरालाही अस्सल प्रमाणपत्र मिळू शकते, आणि मग ब्राउझर चकार शब्द काढत नाही. म्हणूनच लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेने २०२० पासून ही तपासणी जाळ्यावरील एकाहून अधिक ठिकाणांहून करायला सुरुवात केली.

राउटरवाला

आजच्या उपायाबद्दलही सांगतो. आरपीकेआय या व्यवस्थेत पत्त्यांचा धारक सही केलेली नोंद करतो की अमुक गट अमुक क्रमांकाच्या जाळ्यानेच जाहीर करावा. भारतात ही नोंद आयआरआयएनएन या इंटरनेट पत्त्यांच्या नोंदणी संस्थेमार्फत होते. २००८ चा प्रकार यात सहज पकडला गेला असता, मात्र वाटेतल्या जाळ्यांनी ती नोंद तपासून खोटा मार्ग फेकून दिला तरच. आपण नोंद केली आणि दुसऱ्याने पाहिलीच नाही, तर आपले संरक्षण शून्य.

शिवाय ही नोंद फक्त मार्गाचा उगम पाहते, मधला प्रवास नाही. नोंदीत गटाची कमाल लांबी (तिरक्या रेषेनंतरचा आकडा) लिहिता येते, आणि पुढे उपयोगी पडेल म्हणून लोक /२२ च्या नोंदीत /२४ पर्यंत सरसकट मुभा देऊन ठेवतात. हल्लेखोर मग मार्गाच्या शेवटी, म्हणजे उगमाच्या जागी, धारकाचाच क्रमांक चिकटवून /२४ जाहीर करतो, आणि तपासणीत तो दावा वैध ठरतो. जेवढे गट प्रत्यक्ष जाहीर करता तेवढेच नोंदवावेत, असा सल्ला आम्ही नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात देतो.

अभ्यासासाठी ओरेगॉन विद्यापीठाच्या राउट व्ह्यूज या बीजीपी मार्गांच्या नोंदी साठवणाऱ्या प्रकल्पाचा जुना संग्रह खुला आहे. त्यातून त्या दिवसाच्या नोंदी उतरवून घ्या आणि १७५५७ हा पाकिस्तान टेलिकॉमचा क्रमांक शोधा. कोणत्या शेजाऱ्याने तो मार्ग कधी उचलला, हे ओळीओळीने दिसेल.